लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणायचे, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याच शेतकऱ्याच्या हातात पाना दिला

माणदेश म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो उघडा माळ, मुरमाड जमीन, कोरडी माणगंगा आणि खिलार बैल. साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि सोलापूरचा सांगोला असा हा सगळा दुष्काळी पट्टा.

आज इथे शेततळं घ्यायचं असो, ओढा खोल करायचा असो किंवा पाइपलाइनची चारी काढायची असो, पहिला फोन जातो तो जेसीबीवाल्याला. आता तर छोट्या ट्रॅक्टरला मागे जोडायची खोदाईची भुजाही मिळते. तिला बॅकहो म्हणतात. खोदाई संपली की पिना काढायच्या, हायड्रोलिकचे पाइप सोडायचे, भुजा शेडमध्ये उभी करायची आणि त्याच ट्रॅक्टरला नांगर नाहीतर पेरणी यंत्र लावायचं. पुन्हा खोदाई निघाली की भुजा परत जोडायची.

म्हणजे ट्रॅक्टर एक आणि कामं दहा.

अवजार स्वतः सोडायचं, स्वतः जोडायचं आणि झिजलेला भाग काढून त्या जागी तसाच दुसरा बसवायचा, यात आज कुणाला काही विशेष वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी या भागातल्या शेतकऱ्याला हे पटवून देताना एका माणसाच्या नाकीनऊ आले होते. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आणि त्यांनी कारखाना उभा केला तोही याच भागात, औंध संस्थानच्या एका ओसाड माळावर.

पण हा माणूस आधी निघाला होता चित्रकार व्हायला.

रंग गेले, रेघ उरली

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरातल्या मुलाने शिकून चांगली नोकरी धरावी, अशी त्या काळातल्या कुठल्याही घरासारखीच अपेक्षा. पण लक्ष्मणरावांचं मन दोनच गोष्टींत रमायचं. एक चित्रं काढण्यात आणि दुसरं यंत्रं उघडून बघण्यात.

१८८५ साली ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. या निर्णयात त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते थोरले भाऊ रामुअण्णा. पण काही काळातच एक गोष्ट लक्षात आली. लक्ष्मणरावांना काही रंग ओळखता येत नव्हते. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता.

चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर पुढे काय करायचं?

लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटन शिकले. यंत्राचा प्रत्येक भाग नेमक्या मापात कागदावर उतरवायचा, भोक कुठे, जाडी किती, कोन किती हे सगळं दाखवायचं, असं ते काम. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते हाच विषय शिकवू लागले. रिकाम्या वेळेत तिथल्या कार्यशाळेत जाऊन यंत्रांवर हातही बसवला.

याच काळात मुंबईत सायकल नवी नवी दिसू लागली होती. लक्ष्मणरावांनी ती हेरली. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत, तर चालवायलाही शिकवायचे. १८८८ साली सुरू झालेल्या या दुकानाचं नाव होतं किर्लोस्कर ब्रदर्स. आज पंपांवर दिसणारं हे नाव सुरुवातीला सायकलच्या दुकानावर होतं.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठलं.

लोखंडी नांगराला शेतकरी का घाबरायचे?

बेळगावात सायकल दुरुस्ती चालू असतानाच लक्ष्मणराव शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. जनावरापुढे अख्खी पेंढी टाकली तर ते पानं खातं आणि निम्मी ताटं पायाखाली तुडवतं. बारीक तुकडे करून टाकले तर वैरण वाया जात नाही. ज्या भागात वैरण सोन्याच्या भावाने घ्यावी लागते, तिथे या यंत्राचं मोल वेगळं सांगायला नको.

मग त्यांनी हात घातला नांगराला.

तेव्हा शेतात चालायचा तो लाकडी नांगर. त्याला पुढे लोखंडी फाळ असायचा, पण बाकी सगळा लाकडाचा. तो माती उकरायचा, उलटी करायचा नाही. त्यामुळे हरळी, कुंदा अशी खोल मुळांची तणं वरून तुटायची आणि खाली जिवंत राहायची. इंग्लंड-अमेरिकेतल्या लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पंख असायचा. फाळ माती कापायचा आणि पंख ती उचलून पालथी टाकायचा. तणाची मुळं वर उन्हात येऊन वाळायची.

१९०३ साली लक्ष्मणरावांनी बेळगावात आपला लोखंडी नांगर तयार केला आणि तो घेणारं कुणी मिळेना. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली.

शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं. आज हे वाचून हसू येईल, पण जरा शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा.

लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो नीट करून द्यायचा. फाळ बोथट झाला तर लोहार भट्टीत तापवून, ठोकून धार लावायचा. दोघांनाही वर्षाचं बलुतं ठरलेलं. रोख पैसा लागायचा नाही आणि वेळही मोडायचा नाही. लोखंडी नांगर ओतीव लोखंडाचा. ओतीव लोखंड कडक असतं, पण ठिसूळ. ते तापवून ठोकता येत नाही, दगडावर आपटलं तर तुटतं. गावच्या लोहाराकडे ते वितळवायची भट्टी नाही. म्हणजे ऐन नांगरटीत फाळ तुटला तर करायचं काय? पाऊस काही कुणासाठी थांबत नाही.

वर हा नांगर ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागायच्या. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याला शेजाऱ्याकडून बैल मागून आणावे लागणार. किंमत रोख मोजायची ती वेगळीच.

तेव्हा विषाची समजूत खोटी असली, तरी नव्या अवजाराची धास्ती काही खोटी नव्हती.

मग यावर तोडगा काय?

यावरचा तोडगा इंग्लंडमध्ये शंभर वर्षं आधी निघाला होता. रॉबर्ट रॅन्सम नावाच्या ओतारी कारखानदाराने १८०३ साली नांगराचा असा फाळ काढला की त्याची खालची बाजू जास्त कडक असायची. वितळलेलं लोखंड ओतताना साच्याची एक बाजू थंड ठेवायची, म्हणजे त्या बाजूचं लोखंड झटकन गोठून कडक होतं. वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कडक बाजू टिकते आणि फाळाला आपोआप धार राहते. १८०८ साली त्याने दुसरी गोष्ट केली. नांगराचे भाग ठरलेल्या मापाचे केले, म्हणजे ते शेतातच सोडता यावेत आणि त्या जागी नवे बसवता यावेत.

खरी ताकद होती ती या दुसऱ्या गोष्टीत. फाळ झिजला तर अख्खा नांगर कारखान्यात न्यायची गरज नाही. बोल्ट ढिले करायचे, जुना फाळ काढायचा, नवा लावायचा, बोल्ट आवळायचे आणि औत पुन्हा सुरू.

पण त्यासाठी एक अट पाळावी लागते. आज बनलेल्या फाळाची भोकं दोन वर्षांपूर्वी विकलेल्या नांगराच्या भोकांशी तंतोतंत जुळायला हवीत. जरा इकडेतिकडे झालं तरी बोल्ट बसणार नाही आणि शेतकरी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. हे साधायचं तर नेमकी रेखाटनं हवीत, पक्के साचे हवेत आणि ओतलेला प्रत्येक नग मापात बसतो का हे तपासणारी नजर हवी.

रंग न दिसणाऱ्या चित्रकाराने मुंबईत नेमकं हेच शिकलं आणि शिकवलं होतं.

बेळगाव सुटलं आणि माळरान मिळालं

धंदा कुठे पाय धरतोय तोवर नवं संकट आलं. शहराच्या वाढीसाठी बेळगावातली कारखान्याची जागा सोडायचा हुकूम झाला. यंत्रं, भट्टी, माणसं सगळं घेऊन जायचं कुठे?

त्या वेळी मदतीला आले औंधचे राजे भवानराव श्रीनिवास, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून ते बहुतेकांना माहीत असतात, पण ते स्वतः चित्रकारही होते. १९०९ साली ते गादीवर आले होते. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावलं, जागा देऊ केली आणि पैशाचीही मदत केली.

औंध हे तुकड्यातुकड्यांचं संस्थान. औंध आजच्या खटाव तालुक्यात, आटपाडीचा तुकडा माणदेशात आणि कुंडलचा तुकडा आणखी दक्षिणेला. आजचा सांगली जिल्हाही तेव्हा नव्हता. तो १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं.

लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची जागा. कारण उघड होतं. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा तर रेल्वे हवी, तयार नांगर पाठवायचे तरी रेल्वेच हवी. ३२ एकर जमीन. तिच्यावर काय होतं, तर निवडुंग आणि साप.

१९१० साली लक्ष्मणराव आपल्या कुटुंबासह आणि पंचवीसेक कामगारांसह या माळावर उतरले. निवडुंग तोडला, शेड उभ्या केल्या, भट्टी पेटवली. राधाबाई आणि इतर घरच्या बायकांनी त्या रानात संसार मांडले. बघता बघता कारखान्याभोवती गाव वसलं आणि त्याला नाव पडलं किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्टेशनही त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. आज ही वाडी सांगलीच्या पलूस तालुक्यात येते.

या वाडीत लक्ष्मणरावांनी माणसंही हटके गोळा केली. शंभूराव जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशेब बघायचे, अनंतराव फळणीकरांच्या हातात कसब होतं. ज्यांना गुन्हेगार म्हणून गावाने बाजूला टाकलं होतं, त्या रामोशी समाजातल्या तुकारामसारख्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली. अस्पृश्यता पाळायची नाही, हा वाडीचा नियम होता. ज्या काळात पाणवठेसुद्धा जातीनुसार वेगळे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

तोफा वितळल्या आणि नांगर झाले

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी नांगर येणं अवघड झालं, त्यामुळे किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण त्याच वेळी ओतायला लागणारं लोखंडही मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी रिकामी, अशी वेळ आली.

तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. जे लोखंड कधीकाळी लढाईसाठी ओतलं होतं, ते शेतकऱ्याच्या रानात उतरलं.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघालं. पुढे त्याचं किर्लोस्कर मासिक झालं, मग १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर आलं. पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ही मासिकं नावारूपाला आणली. एका नांगराच्या कारखान्यातून निघालेल्या मासिकांनी महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला विचार करायला लावलं, हा आणखी वेगळाच विषय.

कारखान्यातून उसाचे चरक बाहेर पडले, लोखंडी फर्निचर निघालं आणि १९२६ साली पंप आला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून आले आणि त्यांनी उद्योग आणखी पसरवला. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. विहिरीवरचं इंजिन म्हणजे किर्लोस्कर, असं समीकरण पुढे गावोगाव झालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. लोखंडी नांगराचा जास्त फायदा झाला तो कृष्णाकाठच्या काळ्या, खोल जमिनीला. माणदेशातल्या चार बोटं मातीच्या रानात खोल नांगरट करून खालचा मुरूमच वर येणार. तिथे खरी अडचण नांगराची नव्हती, पाण्याची होती. त्यामुळे इथे लोखंडाचं मोल कळलं ते जास्त करून कडबा कापणी यंत्र, विहिरीवरचं इंजिन आणि आता खोदाईची भुजा यांच्या रूपाने.

नांगराच्या बोल्टपासून ट्रॅक्टरच्या पिनेपर्यंत

बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हा जोडण्या-सोडण्याचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. सुरुवातीच्या काळात अवजार ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढलं जायचं. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उचललं जायचं आणि माणूस खाली सापडायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर उपाय शोधला. खाली दोन दांडे, वर एक दांडा आणि उचलायला हायड्रोलिक. १९३६ सालापासून ही पद्धत असलेले त्याचे ट्रॅक्टर विकले जाऊ लागले. आज माणमधल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे हेच तीन दांडे दिसतात.

खोदाईची भुजा मात्र जड आणि जोरकस असते. तिच्या झटक्याने ट्रॅक्टरचा मागचा भाग तुटू नये म्हणून ती बऱ्याचदा ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसवलेल्या वेगळ्या लोखंडी चौकटीला जोडतात. ती सोडायची रीत साधी आहे, पण क्रम चुकवून चालत नाही.

आधी ट्रॅक्टर सपाट आणि टणक जागेवर उभा करायचा. भुजेचे दोन्ही बाजूंचे पाय खाली टेकवायचे आणि बकेट जमिनीवर ठेवायचं, म्हणजे सगळं वजन जमिनीवर येतं. मग भुजा स्वतःच्या पायांवर तोलून पिनांवरचा ताण कमी करायचा आणि पिना काढायच्या. इंजिन बंद करून लिव्हर पुढे-मागे हलवायचे, म्हणजे पाइपात अडकलेला दाब निघून जातो. त्यानंतरच पाइप सोडायचे आणि तोंडाला टोप्या लावायच्या, कारण तेलात गेलेली माती पंप खाते. काही ट्रॅक्टरवर भुजेकडे जाणारी आणि येणारी तेलाची नळी पुन्हा एकमेकींना जोडावी लागते. ती न जोडता इंजिन सुरू केलं तर तेलाला जायला वाट नसते आणि पंप निकामी होऊ शकतो. हे झालं की ट्रॅक्टर सावकाश सरळ पुढे काढायचा.

जोडताना क्रम उलटा. ट्रॅक्टर हळू मागे घ्यायचा, चौकट आणि भुजेचे हुक समोरासमोर आणायचे, पाइप जोडायचे, पायांनी उंची जुळवायची आणि भोकं सरळ रेषेत आली की पिना घालून त्यांना लॉक लावायचं. पिन हातोड्याने ठोकून बसवावी लागत असेल तर समजायचं की उंची चुकली आहे. आणि तेल कुठे गळतंय हे कधीही बोट लावून बघायचं नाही. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघायचं. कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या मॉडेलचा नेमका क्रम दिलेला असतो, तोच पाळायचा.

आता या सगळ्यात नीट बघितलं तर अर्धं काम भोक आणि पिन जुळण्याचं आहे. कारखान्यात कुणीतरी माप पाळलं म्हणून माळावरचा शेतकरी एकटा ती भुजा सोडू आणि जोडू शकतो. गॅरेजवाल्याची वाट बघत बसावं लागत नाही. रॅन्समच्या नांगरामागे हाच विचार होता आणि किर्लोस्करवाडीच्या भट्टीतून तोच या भागात आला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झालं. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढलं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे आणि पुणे-मिरज मार्गावर किर्लोस्करवाडी स्टेशन.

चित्रकार व्हायचं राहिलं, नोकरीतली बढती गेली, बेळगावची जागा सुटली. प्रत्येक वेळी लक्ष्मणरावांनी हातात उरलेलं कसब उचललं आणि नव्या जागी बसवलं. ज्या अवजाराला लोक दोन वर्षं हात लावेनात, ते लोकांनी स्वीकारलं त्यामागे नुसता प्रचार नव्हता. ऐन हंगामात अडलेल्या शेतकऱ्याला जुळणारा सुटा भाग मिळेल, ही खात्री त्यामागे होती.

नवं यंत्र घेताना त्याची ताकद किती, हे सगळेच विचारतात. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. ते आपल्या आपल्याला सोडता-जोडता येतं का? आणि त्याचा झिजणारा भाग तालुक्याच्या गावात मिळतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तरच ते यंत्र खऱ्या अर्थाने शेतकऱ्याचं.